एक्स-रेमध्ये दुखणे दिसत नाही

लग्नाच्या हॉलमध्ये, सोसायटीच्या बाकावर किंवा बँकेत पेन्शनच्या रांगेत कुणी 'डॉक्टरांनी गुडघ्याचे ऑपरेशन सांगितले आहे' एवढे म्हटले की पुढचा संवाद ठरलेला असतो. एक जण लगेच म्हणतो, 'अजिबात करू नका, सगळा धंदा आहे. आमच्या भावजींनी केले आणि आता काठीशिवाय पाऊल टाकता येत नाही.' दुसरा म्हणतो, 'घाबरता काय? माझ्या आईचे दोन्ही गुडघे एकदम केले, आठवड्यात जिना चढायला लागली.' तिसरा तेलाचे नाव सांगतो, चौथा कुठल्याशा गावच्या वैद्यांचा पत्ता देतो. ज्याच्या गुडघ्यावरून हे सुरू झाले त्याला मात्र कुणी विचारत नाही, की तुम्हाला नेमके काय होते, किती चालता येते, रात्री कूस बदलताना जाग येते का, आजवर कोणते उपाय मनापासून करून पाहिले. वर्तमानपत्रांत आणि दूरचित्रवाणीवरही वादाची तऱ्हा हीच आहे. एका बाजूला रुग्णालयांच्या पानभर जाहिराती, दुसऱ्या बाजूला 'गुडघे बदलण्याचा बाजार' अशा मथळ्यांचे लेख. दोन्ही बाजू शस्त्रक्रियेची बाजू घेतात किंवा तिच्यावर तुटून पडतात. रुग्णाचा विचार दोघांच्याही बोलण्यात शेवटी येतो.

माझे म्हणणे सुरुवातीलाच सांगतो. सांधेरोपण, म्हणजे झिजलेल्या गुडघ्याच्या किंवा खुब्याच्या जागी कृत्रिम सांधा बसवणे, ही गेल्या शतकाने दिलेल्या सर्वांत उपयोगी शस्त्रक्रियांपैकी एक आहे. आणि हीच शस्त्रक्रिया आज गरज नसलेल्यांवर घाईने होते, गरज असलेल्यांपर्यंत पोहोचतच नाही किंवा फार उशिरा पोहोचते. ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत. म्हणून 'ऑपरेशन चांगले की वाईट' हा प्रश्नच चुकीचा आहे. ते कुणाचे, कधी आणि कशासाठी, हे विचारायला हवे. आणि झालेल्या ऑपरेशनचे पुढे काय झाले याची नोंद कोण ठेवतो, हेही विचारायला हवे.

गैरसमजांची सुरुवात शस्त्रक्रियेच्या कल्पनेपासूनच होते. 'वाटी बदलतात', 'गुडघा कापून नवा बसवतात' असे सर्रास बोलले जाते, आणि ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर मांडीपासून पिंढरीपर्यंत काहीतरी उखडून काढल्याचे चित्र उभे राहते. प्रत्यक्षात किडलेल्या दाताला घासून टोपी बसवतात, त्याच्या जवळ जाणारे हे काम आहे. मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाचा आणि नडगीच्या हाडाच्या वरच्या टोकाचा झिजलेला पृष्ठभाग काही मिलिमीटर जाडीने काढतात, मांडीच्या हाडावर धातूचे कवच आणि नडगीवर धातूची तबकडी बसवतात आणि दोहोंच्या मध्ये उच्च घनतेच्या प्लॅस्टिकची चकती ठेवतात. गुडघ्याची वाटी बहुतेकदा जागेवरच असते. फार तर तिच्या आतल्या बाजूला प्लॅस्टिकची पातळ टिकली लावतात. सांध्याला धरून ठेवणाऱ्या बाजूच्या अस्थिबंधांपैकी महत्त्वाचे तसेच राहतात, स्नायू तर सगळे रुग्णाचेच असतात. ऑपरेशननंतरच्या व्यायामावर एवढा भर का असतो, हे यावरून कळावे. धातू बसवला तरी चालायचे काम स्नायूंनीच करायचे असते.

या कल्पनेचा इतिहासही दोन्ही बाजूंच्या लोकांनी वाचण्यासारखा आहे. इंग्लंडमध्ये रायटिंग्टन इथल्या रुग्णालयात सर जॉन चार्नली यांनी १९५८च्या सुमारास खुब्याच्या सांध्यात टेफ्लॉन हे गुळगुळीत प्लॅस्टिक वापरायला सुरुवात केली. रुग्णांना तात्काळ आराम पडला, सगळीकडे वाहवा झाली. पण दोन-तीन वर्षांतच टेफ्लॉन झिजून त्याचा चुरा सांध्यात साचू लागला आणि एकेक खुबा पुन्हा उघडावा लागला. चार्नलींनी ते लपवले नाही. टेफ्लॉनचे कण स्वतःच्या मांडीत टोचून घेऊन शरीर त्याला कसा प्रतिसाद देते हे त्यांनी पाहिले, ते साहित्य सोडून दिले आणि नोव्हेंबर १९६२पासून अतिघन पॉलिथिलीन हे दुसरे प्लॅस्टिक वापरायला लागले. आजच्या खुब्याचा आणि गुडघ्याचाही पाया तिथे घातला गेला. त्यानंतरही आपल्याकडे येऊन शिकल्याशिवाय कुणाही सर्जनला हा सांधा विकू नये, असा आग्रह त्यांनी उत्पादकाकडे अनेक वर्षे धरला होता. मृत्यूनंतर आपल्या शरीरातला हा सांधा तपासणीसाठी काढून घ्यावा, अशी संमती ते रुग्णांकडून घेत. रुग्णाला पहिल्या महिन्यात बरे वाटले, एवढ्याने त्यांचे समाधान होत नव्हते. या शस्त्रक्रियेचे यश त्या अस्वस्थतेतून आलेले आहे, आणि आपल्याकडे नेमकी तीच कमी पडते.

आता 'झिजला की बदला' म्हणणाऱ्यांकडे वळू. त्यांचा सगळा युक्तिवाद एक्स-रेवर उभा असतो. फिल्म दिव्यासमोर धरली जाते, 'हे बघा, गादी संपली, हाडाला हाड घासतेय' असे सांगितले जाते आणि समोरच्या माणसाचे अवसान गळते. पण अस्थिरोगाच्या अभ्यासकांना अनेक दशके ठाऊक असलेली गोष्ट अशी की एक्स-रेतली झीज आणि माणसाचे दुखणे यांचा मेळ फार सैल असतो. पुष्कळ झीज असूनही रोज बाजारहाट करणारी माणसे असतात आणि किरकोळ झीज असून बेजार झालेलीही असतात. एक्स-रे लागतो, तो निदानासाठी आणि शस्त्रक्रियेच्या आखणीसाठी. निर्णय त्याच्यावर सोपवता येत नाही. दिसलेला दोष दुरुस्त केला की दुखणे जाणारच, हा समज किती महागात पडू शकतो याचे उदाहरण याच सांध्यातले आहे. दुर्बिणीतून गुडघा 'साफ' करण्याची शस्त्रक्रिया झिजेच्या लाखो रुग्णांवर होत होती. ह्यूस्टनमधल्या एका चाचणीत काही रुग्णांची खरी शस्त्रक्रिया केली, काहींना फक्त वरवर छेद देऊन टाके घातले. २००२ साली निष्कर्ष आले, तेव्हा दोन वर्षांनंतरही दोन्ही गटांत फरक नव्हता. दोष डोळ्यांना दिसत होता, सर्जन प्रामाणिक होते, रुग्णांना बरेही वाटत होते. तरी त्या छेदाचा उपयोग नव्हता.

सांधेरोपणाची गोष्ट तशी नाही, हे मात्र स्पष्ट म्हटले पाहिजे. २०१५ साली डेन्मार्कमध्ये एक चाचणी झाली. गुडघेरोपणाला पात्र ठरलेल्या १०० रुग्णांचे दोन गट केले. एका गटाचे ऑपरेशन झाले आणि नंतर १२ आठवड्यांचे व्यायाम, आहार, बुटातल्या गाद्या, औषधे असे उपचार झाले. दुसऱ्या गटाला ऑपरेशनखेरीज बाकी सगळे दिले. वर्षानंतर शस्त्रक्रियेच्या गटातली सुधारणा दुसऱ्या गटाच्या जवळजवळ दुप्पट होती. हा पुरावा 'ऑपरेशन म्हणजे फसवणूक' म्हणणाऱ्यांनी मान्य करायला हवा. पण त्याच चाचणीचा दुसरा भाग जाहिरातींत कधी येत नाही. दुसरा गटही चांगलाच सुधारला होता, आणि त्यातल्या ५०पैकी फक्त १३ जणांनी वर्षभरात ऑपरेशन करून घेतले. गंभीर गुंतागुंतीही शस्त्रक्रियेच्या गटातच जास्त होत्या. म्हणजे ज्यांना 'आता दुसरा इलाज नाही' असे सांगितले गेले असते, त्यांच्यातल्या तीन-चतुर्थांश लोकांचे निदान एक वर्ष तरी त्याशिवाय भागले. त्यांना तो काळ मिळाला तो नीट आखलेल्या व्यायामामुळे; 'जरा चालत जा' असे दारातून जाता जाता दिलेल्या सल्ल्याने ते होत नाही. वजनाचेही तसेच. एक किलो वजन उतरले तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी घटतो. आपल्या किती रुग्णांना ऑपरेशनच्या तारखेआधी तीन महिन्यांचा असा कार्यक्रम दिला जातो? तालुक्याच्या ठिकाणी तो द्यायला फिजिओथेरपिस्ट तरी आहे का?

विरोधकांचा सर्वांत भक्कम मुद्दा पैशाचा आहे आणि तो मी पूर्णपणे मान्य करतो. ऑगस्ट २०१७मध्ये केंद्राच्या औषध किंमत प्राधिकरणाने गुडघ्याच्या रोपणांवर कमाल किंमत लादली, तेव्हा सर्वाधिक वापरला जाणारा कोबाल्ट-क्रोमियमचा सांधा सरासरी १,५८,३२४ रुपयांवरून ५४,७२० रुपयांवर आला. एका रात्रीत किंमत तिसऱ्या हिश्शावर येऊ शकते, तर त्याआधी रुग्ण नेमके कशाचे पैसे मोजत होता? त्याच वर्षी महाराष्ट्रात माजी पोलीस महासंचालक प्रवीण दीक्षित यांच्या समितीने डॉक्टरांच्या 'कट प्रॅक्टिस'विरुद्ध, म्हणजे रुग्ण पाठवल्याबद्दल घेतल्या जाणाऱ्या कमिशनविरुद्ध, कायद्याचा मसुदा तयार केला, पण तो कायदा काही झाला नाही. आणि गरज नसताना शस्त्रक्रिया झाल्या तर काय होते हे या राज्याला कुणी बाहेरून येऊन सांगायची गरज नाही. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार स्त्रियांच्या पाहणीत ८२,३०९ जणींपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. मजुरीचा खाडा परवडत नाही म्हणून, कॅन्सरची भीती घालून, तरण्या बायकांच्या शरीरातून अवयव काढले गेले. ज्या समाजाने हे पाहिले आहे त्याने डॉक्टरांच्या सल्ल्याकडे संशयाने पाहिले तर तो अडाणीपणा म्हणता येणार नाही.

पण या संशयातून निष्कर्ष कोणता काढायचा? बीडच्या अनुभवावरून गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रियाच वाईट, असे आपण म्हणत नाही. रक्तस्रावाने किंवा कर्करोगाने पिचलेल्या बाईला ती जीवदान देते. सिझेरियनचे बघा. २०१९ ते २०२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत खासगी रुग्णालयांतल्या ४७.४ टक्के बाळंतपणांत सिझेरियन झाले होते, सरकारी रुग्णालयांत १४.३ टक्क्यांत. एकीकडे ते गरजेहून जास्त होते आणि त्याच देशात दुर्गम पाड्यावरची बाई ते न मिळाल्याने दगावते. 'सिझेरियन म्हणजे लूट' ही घोषणा त्या बाईच्या काय कामाची? सांधेरोपणाचेही असेच झाले आहे, आणि याला मोजलेला पुरावा आहे. अमेरिकेत आठ हजारांवर माणसांचा अनेक वर्षे पाठपुरावा करून २०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले की ज्यांना गुडघेरोपणाचा फायदा झाला असता त्यांच्यापैकी ९० टक्क्यांनी पात्र ठरल्यावर दोन वर्षांत ते करून घेतले नाही. आणि ज्यांनी करून घेतले त्यांच्यातल्या सुमारे एक-चतुर्थांशांनी ते वेळेआधीच केले. विमा, माहिती आणि सर्जन यांची रेलचेल असलेल्या देशातले हे चित्र आहे.

उशिराची किंमत आपल्या वादात कुणी धरतच नाही. 'टाळता येईल तितके टाळा' हा सल्ला सावधपणाचा वाटतो, कारण टाळण्यात काही धोका आहे असे आपल्याला वाटतच नाही. पण टाळण्याच्या त्या वर्षांत काय चालू असते? औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेल्या वेदनाशामक गोळ्या रोज दोन-दोन पोटात जातात आणि मूत्रपिंडांवर व जठरावर आघात करत राहतात. महिन्या-दोन महिन्यांनी सांध्यात स्टेरॉइडचे इंजेक्शन घेतले जाते. दर तीन महिन्यांनी अशी इंजेक्शने दोन वर्षे दिली तर खाऱ्या पाण्याच्या इंजेक्शनपेक्षा दुखण्यात फरक पडत नाही, उलट कूर्चा, म्हणजे सांध्यातली गादी, अधिक झिजते, असे २०१७मध्ये एका चाचणीत दिसले आहे. चालणे थांबते, मग वजन वाढते, मधुमेह आणि रक्तदाब आटोक्याबाहेर जातात. पाय हळूहळू फेंगडे होतात, मांडीचे स्नायू वाळतात. अखेर सहन होईनासे झाले म्हणून ती व्यक्ती सर्जनकडे येते तेव्हा तेच ऑपरेशन अवघड झालेले असते, भुलीचा धोका वाढलेला असतो आणि पूर्वस्थितीवर यायला लागणारे बळही उरलेले नसते. ऑपरेशनआधी सांध्याची हालचाल जितकी शिल्लक, साधारणपणे तितकीच ती नंतर चांगली मिळते. दहा वर्षे वाट पाहून हे भांडवल संपवायचे आणि मग 'बघा, ऑपरेशनचा काही उपयोग झाला नाही' म्हणायचे, असे घरोघरी चालले आहे.

आणि हे सहन कोण करते? गुडघ्याची झीज बायकांत पुरुषांपेक्षा अधिक, पाळी गेल्यानंतर तर विशेषच. आपल्याकडे ती बाई जन्मभर फरशीवर बसून पोळ्या लाटते, वाकून झाडते, उकिडवी बसून खुरपणी करते. तिचे दुखणे घरात 'वय झाले की व्हायचेच' या खात्यात जमा असते. देवळात जाणे आधी सुटते, मग शेजारी, मग लग्नकार्ये. घरातले म्हणतात, 'आजीला आता घरीच बरे वाटते.' तिला घरी बरे वाटत नसते, तिला उंबरठा ओलांडता येत नसतो. कॅनडातल्या संशोधकांनी २०००च्या सुमारास दाखवून दिले होते की सांधेरोपणाची गरज असून ते न होण्याचे प्रमाण बायकांत पुरुषांच्या तिपटीहून अधिक आहे. आपल्या घरांतला अनुभव त्याहून वेगळा असेल असे मला वाटत नाही. ज्यांना या शस्त्रक्रियेच्या अतिरेकाचा राग येतो त्यांनी थोडा राग या नाकारलेल्या दुखण्यासाठीही राखून ठेवावा.

मोतीबिंदूची आठवण इथे होते. 'अजून पिकला नाही, पिकू द्या' हा सल्ला आपल्या आजी-आजोबांच्या पिढीने ऐकला होता आणि त्या काळच्या शस्त्रक्रियेला धरून तो बरोबरही होता. पुढे भिंगरोपण आले, छेद लहान झाला, पिकण्याची वाट पाहण्याचे कारण उरले नाही. उलट फार पिकलेला मोतीबिंदू काढणे अवघड. तरीही कितीतरी वर्षे माणसे डोळ्यांनी अंधूक होईस्तोवर थांबत राहिली. 'साठीच्या आत गुडघा बदलू नये, तो दहाच वर्षे टिकतो' हा समज याच जातीचा आहे. २०१९मध्ये ऑस्ट्रेलिया आणि फिनलंडच्या राष्ट्रीय नोंदींवरून काढलेला हिशेब सांगतो की संपूर्ण गुडघेरोपणांपैकी सुमारे ८२ टक्के २५ वर्षांनंतरही टिकून असतात, खुब्यांपैकी सुमारे ५८ टक्के. वयाचा प्रश्न अगदीच पोकळ नाही, हेही खरे. ब्रिटनमधल्या २०१७च्या अभ्यासानुसार सत्तरीनंतर गुडघेरोपण झालेल्यांत उरलेल्या आयुष्यात पुन्हा ऑपरेशन लागण्याची शक्यता सुमारे ५ टक्के असते, तर पन्नाशीच्या सुरुवातीला करून घेतलेल्या पुरुषांत ती ३५ टक्क्यांपर्यंत जाते. म्हणून पन्नाशीतल्या माणसाने व्यायाम आणि वजन यांवर आधी जीव तोडून मेहनत करावी, हे रास्तच आहे. पण संधिवाताने सांधे आखडलेल्या चाळिशीतल्या बाईला, किंवा खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटून ते कोसळलेल्या तरुणाला 'साठीपर्यंत थांब' म्हणणे हा निर्दयपणा झाला. कोविडनंतर स्टेरॉइड घेतलेल्या, चाळिशी न ओलांडलेल्या रुग्णांत खुब्याचा हा आजार मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१मध्येच नोंदवला होता. त्यांची कमावण्याची, लेकरे वाढवण्याची वर्षे हीच आहेत.

मग 'आमच्या भावजींचे' काय? ऐकीव उदाहरणांना मी कमी लेखत नाही. त्यांच्यामागे खरी माणसे असतात. गुडघेरोपण झालेल्यांपैकी साधारण पाचातला एक पूर्ण समाधानी नसतो, हे अनेक देशांतल्या पाहण्यांत पुन्हा पुन्हा दिसले आहे. शंभरात एक-दोघांना जंतुसंसर्ग होतो आणि तो झाला तर हाल फार होतात. हे आकडे रुग्णाला आधी सांगितले पाहिजेत, आणि जो सर्जन ते टाळतो त्याच्याकडून उठून यावे. पण एकाच उदाहरणावरून सगळ्यांचा निकाल लावण्याची सवय किती फसवी आहे, पाहा. अटलबिहारी वाजपेयींचा डावा गुडघा ऑक्टोबर २०००मध्ये आणि उजवा जून २००१मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात बदलला गेला, न्यूयॉर्कहून आलेल्या डॉ. चित्तरंजन राणावतांनी ती शस्त्रक्रिया केली. साऱ्या देशाला हे ऑपरेशन तेव्हा ठाऊक झाले. नंतरच्या वर्षांत ते चाकांच्या खुर्चीत दिसले आणि 'वाजपेयींचे बघा' हा कट्ट्यावरचा हुकमी पुरावा ठरला. ऑपरेशननंतर ते २००४पर्यंत पंतप्रधान होते आणि २००९मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला होता, हे त्या पुराव्यात कुणी धरत नाही.

असमाधानाचे एक मोठे कारण अपेक्षांत आहे, आणि इथे दोष सांगणाऱ्यांचा आहे. जाहिरातीतले आजोबा डोंगर चढतात, म्हणून रुग्ण डोंगराची अपेक्षा धरून येतो. खरे तर हे ऑपरेशन दुखणे कमी करण्यात फार चांगले आहे. विसाव्या वर्षीचा गुडघा परत देण्यात नाही. आपल्याकडे तर प्रश्न आणखी निराळा. पाश्चात्त्य माणसाला खुर्चीवरून उठता आले, जिना चढता आला की त्याचे भागते. आपल्याला मांडी घालून जेवायचे असते, पूजेला बसायचे असते, आणि खेड्यात शौचाला उकिडवे बसायचे असते. संपूर्ण गुडघेरोपणानंतर गुडघा बहुधा ११० ते १२० अंशांपर्यंत वाकतो. पूर्ण उकिडवे बसायला त्याहून बरेच अधिक वाकावे लागते. काही जणांना मांडी घालता येते, पुष्कळांना नाही. पुण्याच्या डॉ. के. एच. संचेती यांनी भारतीय हाडांची मापे आणि आपली बैठक लक्षात घेऊन 'इंडस' नावाचा गुडघा घडवला, तो याच गरजेतून. तरी कुणीही मांडीची हमी देऊ नये, आणि कुणी दिली तर तिच्यावर विसंबू नये. शेतात राबणाऱ्या बाईचे ऑपरेशन करण्याआधी तिच्या घरी कमोड आहे का, निदान कमोडची खुर्ची ठेवायला जागा आहे का, पाण्याचा हंडा कोण आणणार, खुरपणी कोण करणार, हे विचारणे भुलीच्या तपासणीइतकेच गरजेचे आहे. गावोगाव शौचालये झाली ती बहुतेक उकिडवे बसायची. ऑपरेशन यशस्वी झाले आणि बाई शौचाला बसू शकेना, तर ते यश तिने कुठे ठेवायचे?

रोबोटच्या मदतीने होणाऱ्या गुडघेरोपणाबद्दल थोडेच सांगतो. यंत्राच्या मदतीने हाडाचे छेद अधिक अचूक घेता येतात, हे दिसले आहे. त्यामुळे रुग्णाचे चालणे किंवा सांध्याचे आयुष्य सुधारते असे ठामपणे दाखवणारा पुरावा अजून तोकडा आहे. कोरियातल्या एका चाचणीत दहाहून अधिक वर्षांच्या पाठपुराव्यानंतरही फरक आढळला नाही. सरकारने सांध्याची किंमत बांधली, पण शस्त्रक्रियागृह, खोली, सर्जनचे शुल्क आणि हे यंत्र त्या बंधनाबाहेर आहे. म्हणून रुग्णाने एकूण बिल विचारावे आणि ऑपरेशन कशाने होणार याहून ते कोण करणार, अशी किती करतो, हे विचारावे.

आता ज्या गोष्टीवर खरा वाद व्हायला हवा तिच्याकडे येतो. स्वीडनने गुडघेरोपणांची राष्ट्रीय नोंदवही १९७५ साली सुरू केली, खुब्याची १९७९ साली. कुठला सांधा, कुणाला, कुठे बसवला आणि पुन्हा काढावा लागला का, एवढीच साधी माहिती. तिच्या बळावर वाईट सांधे बाजारातून गेले आणि पुनर्शस्त्रक्रिया कमी झाल्या. आपल्याकडे अशी राष्ट्रीय नोंदवही नसल्याने काय झाले हे जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीच्या 'एएसआर' नावाच्या कृत्रिम खुब्याने दाखवून दिले. धातूवर धातू घासणाऱ्या त्या सांध्यातून कोबाल्ट आणि क्रोमियमचे कण रक्तात उतरत. ऑस्ट्रेलिया आणि ब्रिटनच्या नोंदवह्यांत त्याच्या अपयशाचे प्रमाण उघडे पडले आणि ऑगस्ट २०१०मध्ये कंपनीला तो जगभरातून मागे घ्यावा लागला. भारतात तोवर सुमारे ४,७०० शस्त्रक्रियांत तो वापरला गेला होता. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने तक्रार गुदरली, केंद्राने कितीतरी वर्षांनी समिती नेमली, आणि समितीपुढे आले ते असे की यातल्या तीन हजारांहून अधिक रुग्णांचा पत्ताच लागत नाही. शरीरात सदोष धातू घेऊन फिरणारी माणसे, आणि त्यांना ते कळवायला कुणाकडे त्यांचे नाव-गाव नाही. कुठल्याही गाडीचा सदोष भाग परत मागवताना मालकाला पत्र जाते. इथे ते जाऊ शकले नाही. 'ऑपरेशन म्हणजे वरदान' म्हणणाऱ्या आणि 'ऑपरेशन म्हणजे लूट' म्हणणाऱ्या, दोघांनीही या मुद्द्यावर एकत्र रस्त्यावर यायला हवे होते.

अस्थिशल्यविशारदांच्या संघटनेची नोंदवही आपल्याकडे २००६पासून आहे, आणि ती चालवणाऱ्यांचे कष्ट मोठे आहेत. पण तीत नोंद करणे सर्जनच्या मर्जीवर आहे, आणि जो चांगले काम करतो तोच आपणहून नोंद करणार. यावर आक्षेप असा घेतला जातो की नोंद सक्तीची केली आणि निकाल जाहीर केले, तर सर्जन अवघड रुग्ण घ्यायला कचरतील. मधुमेही, लठ्ठ, फार वाकलेल्या पायांच्या माणसांना कुणी हात लावणार नाही. हा आक्षेप वजनदार आहे. मात्र त्याचे उत्तर इतर देशांनी शोधून ठेवले आहे: रुग्णाचे वय, आजार आणि सांध्याची अवस्था हिशेबात धरूनच रुग्णालयांची तुलना करायची. इंग्लंड आणि वेल्समध्ये अशी नोंदवही २००३पासून चालते आणि रुग्णालयाचे, सर्जनचे निकाल कुणालाही पाहता येतात. तिथे अवघड रुग्णांची ऑपरेशने बंद पडलेली नाहीत. महाराष्ट्रात सुरुवात कुठून करायची यासाठी वेगळी समिती नेमायचीही गरज नाही. आयुष्मान भारत योजनेत २०१८पासून गुडघेरोपण आहे आणि राज्यात ती महात्मा फुले जनआरोग्य योजनेशी जोडलेली आहे. तिच्यातल्या प्रत्येक दाव्याचे कागद संगणकावर चढतातच. त्याच कागदात रोपणाचा क्रमांक, ऑपरेशनआधी किती महिने व्यायाम झाला, वर्षाने रुग्ण किती चालतो आणि पुन्हा ऑपरेशन लागले का, हे चार रकाने वाढवावेत, ते भरल्याशिवाय बिल मंजूर करू नये, आणि खासगी रुग्णालयांना परवान्याच्या नूतनीकरणासाठी तीच अट घालावी.